गाण्यातला सातबारा

१९८७ च्या मे महिन्यात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, स्मिदर्स नावाच्या लहानशा गावात, एक खटला उभा राहिला. दावा लावला होता गित्क्सन आणि वेत्सुवेतेन या दोन आदिवासी समाजांच्या परंपरागत प्रमुखांनी. प्रतिवादी होतं प्रांताचं सरकार. प्रमुखांचं म्हणणं थोडक्यात असं, की स्कीना आणि बल्कली नद्यांच्या खोऱ्यांतला सुमारे ५८,००० चौरस किलोमीटरचा मुलूख आमचा आहे. तो आम्ही कुणाला विकला नाही, तहात लिहून दिला नाही, लढाईत गमावला नाही. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे मिळून जेवढा प्रदेश होतो, साधारण तेवढी ही जमीन.

सुरुवातीच्या साक्षीदारांत मेरी जॉन्सन होत्या. घराण्याकडून त्यांना मिळालेलं पदनाम अंतगुलिलिबिक्स. गित्क्सन समाजात प्रत्येक घराण्याचा स्वतःचा मुलूख असतो आणि तो त्या घराण्याकडे कसा आला याची पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकीकत असते. तिला ते ‘अदावख’ म्हणतात. अदावखात गाणी गुंफलेली असतात आणि ती म्हणायचा अधिकार त्या घराण्यालाच असतो. जॉन्सनबाईंच्या घराण्याकडे एक शोकगीत होतं, दुष्काळात जिवलग गमावल्यावर जन्मलेलं. ते त्या कोर्टात म्हणणार म्हटल्यावर न्यायाधीश ॲलन मॅकएकर्न अस्वस्थ झाले. कोर्टात गाणं म्हणायची ही कुठली रीत, शब्द लिहून दिले तरी चालतील, शिवाय मला गाण्याचा कान नाही, असं त्यांनी वकिलांना सुनावलं. वकील मागे हटले नाहीत. बाईंनी गाणं म्हटलं.

जॉन्सनबाई त्या दिवशी आपल्या जमिनीचा उतारा वाचून दाखवत होत्या. आपल्याकडे जमीन कुणाची, हे तलाठ्याच्या दप्तरावरून ठरतं. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादार, इतर हक्क. गित्क्सनांच्या दप्तरात यांतलं बहुतेक सगळं होतं, फक्त ते माणसांच्या तोंडी होतं. नदीचं कुठलं वळण, कुठला मासेमारीचा धक्का, कुठल्या उतारावर कुणी शिकार करायची, कुणाला विचारून करायची, आणि हा हक्क कुणाच्या मरणातून, कुणाच्या सोसण्यातून आला.

हा उतारा घरच्या घरी म्हणून भागत नसे. प्रमुख वारला की मोठी मेजवानी व्हायची. नवा माणूस ते पदनाम धारण करायचा, आपल्या घराण्याच्या हद्दी सर्वांसमक्ष बोलून दाखवायचा आणि शेजारच्या घराण्यांचे प्रमुख पाहुणे म्हणून बसून ते ऐकायचे. हद्द चुकीची सांगितली तर तिथंच हरकत यायची. पाहुण्यांना देणग्या मिळत आणि त्या स्वीकारणं म्हणजे साक्षीची सही. फेरफाराची नोंद इतकी जाहीर, इतक्या साक्षीदारांपुढे आपल्याकडेही होत नाही. कॅनडा सरकारनं १८८५ पासून १९५१ पर्यंत नेमक्या याच मेजवान्यांना गुन्हा ठरवलं होतं. १९२७ नंतर तर जमिनीचा दावा लढवण्यासाठी वर्गणी गोळा करणंही बेकायदा केलं. आधी नोंदवही जप्त करायची आणि मग नोंद दाखवा म्हणायचं, असा हा व्यवहार होता. हे वाचताना माझा संताप होतो आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

खटल्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एका अदावखात ‘मेदीक’ नावाच्या अचाट अस्वलाची हकीकत आहे. ते एका सरोवराच्या बाजूनं डोंगर फोडत, झाडं उन्मळत ओढ्याच्या खोऱ्यातून खाली येतं आणि वस्तीची धूळधाण करतं. वादींनी भूशास्त्रज्ञांना बोलावलं. सरोवराच्या तळाचा गाळ आणि खोऱ्यातला राडारोडा तपासल्यावर तिथं सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी मोठी दरड कोसळल्याचा पुरावा मिळाला. म्हणजे त्या दिवशी तिथं कुणीतरी होतं, त्यानं ते पाहिलं, आणि ती आठवण त्याच जागेला चिकटून शंभरावर पिढ्या चालत आली असणार, असा वादींचा युक्तिवाद होता. न्यायाधीशांना एवढ्यानं पटलं नाही.

एकूण ३७४ दिवस चाललेल्या या खटल्याचा निकाल मार्च १९९१ मध्ये लागला आणि तो पूर्णपणे वादींच्या विरोधात गेला. निकालपत्रात मॅकएकर्न यांनी सतराव्या शतकातल्या हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाचे शब्द वापरून इथल्या पूर्वजांचं जिणं ओंगळ, रानटी आणि अल्पायुषी ठरवलं. वादींच्या बाजूनं साक्ष दिलेले मानववंशशास्त्रज्ञ या लोकांमध्ये इतके मिसळलेले आहेत की त्यांच्या म्हणण्याला वजन देता येत नाही, असंही म्हटलं. ज्यांनी तिथं राहून, भाषा शिकून, माणसांबरोबर चालून माहिती मिळवली त्यांचं राहणंच त्यांच्याविरुद्ध गेलं. ११ डिसेंबर १९९७ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल बाजूला सारला. मौखिक इतिहासाला कागदी पुराव्याच्या बरोबरीनं तोलायला हवं, असं सांगितलं आणि फेरसुनावणीचा आदेश दिला. ती फेरसुनावणी कधी झालीच नाही. देलगामूक खटला म्हणून तो जगभर शिकवला जातो, आणि त्या खटल्यातून गित्क्सनांच्या हाती एक एकराचाही मालकीचा निवाडा आलेला नाही.

इथं मानववंशशास्त्राची बाजू घेऊन थांबणं सोपं आहे. पण जगातल्या आदिम समाजांना जागा कशी दिसते, हे या शास्त्राला उमगायला बराच काळ गेला आणि त्याच्या चुकांची किंमत त्या समाजांनी मोजली. आदिवासी मोकळे भटकतात, त्यांना हद्द नसते, त्यांची जमीन म्हणजे कुणाचीच जमीन नव्हे, हा समज वसाहतींच्या कायद्यात मुरलेला होता. तो खोडायला निघालेल्या अभ्यासकांनी दुसऱ्या टोकाला जाऊन अतिशय नीटनेटकी चौकट तयार केली. १९३०-३१ मध्ये रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी ऑस्ट्रेलियाच्या मूलनिवासींबद्दल मांडलं, की बापाकडून वारसा चालणारा एक गट, त्याचा एक ठरलेला प्रदेश, आणि तो गट त्या प्रदेशात राहतो. गट, हद्द आणि वस्ती तिन्ही एकावर एक बरोब्बर बसणारी. कागदावर छान दिसतं.

चाळीस वर्षांनी हीच चौकट कोर्टात उलटली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्न्हेम लँडमध्ये योल्ङू लोकांच्या भूमीवर बॉक्साइटची खाण येणार होती. यिर्कालाच्या लोकांनी १९६३ मध्ये झाडाच्या सालीवर अर्ज चिकटवून संसदेला पाठवला. मधे मजकूर, आपल्या भाषेत आणि इंग्रजीत, आणि भोवती कुळांची रंगवलेली चित्रं. ती चित्रं शोभेची नव्हती. कुठलं कूळ कुठल्या जागेशी बांधलेलं आहे, याचे ते दाखले होते. संसदेनं ऐकून घेतलं आणि खाण झालीच. मग मिलिरपुम खटला उभा राहिला. स्टॅनर आणि बर्न्ट हे दोन नामवंत मानववंशशास्त्रज्ञ योल्ङूंच्या बाजूनं साक्षीला आले. पण योल्ङू साक्षीदारांनी जे होतं ते सांगितलं. एका कुळाची जमीन असते, मात्र तिथं राहणाऱ्या टोळीत बायकोकडचे, आजोळचे, सोयरे असे अनेक कुळांचे लोक असतात. शिकारीला लोक दुसऱ्याच्या मुलखातही जातात. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांना वादींची मांडणी आणि साक्षी जुळेनात. १९७१ च्या निकालात त्यांनी मान्य केलं, की या लोकांची स्वतःची बारकाईनं घडवलेली कायदेव्यवस्था आहे. पण कुळाची जमीन म्हणण्यापेक्षा जमिनीचं कूळ म्हणणं पुराव्याशी अधिक जुळतं, आणि याला मालमत्ता म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी दावा फेटाळला.

या वाक्याशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. न्यायमूर्तींना खरी गोष्ट दिसली होती. माणसं जमिनीची आहेत, हे त्यांनी नीट ऐकलं. ज्याला आपण अधिक घट्ट नातं म्हणू, तेच हक्क नाकारायचं कारण ठरलं.

स्टॅनर यांनी १९६५ च्या एका निबंधात याचा उलगडा करून ठेवला होता. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. मराठीत त्यांना मी वतन आणि वावर म्हणेन. वतन म्हणजे कुळाची मूळ जागा, जिथल्या पाणवठ्यांची, खडकांची, पूर्वजांच्या खुणांची जबाबदारी त्या कुळावर असते. गाणी म्हणायची, विधी करायचे, गवत वेळेवर पेटवायचं, परक्यानं येऊन काही बिघडवू नये हे पाहायचं. वावर म्हणजे पोटासाठी हिंडायचा टापू. तो वतनापेक्षा मोठा, अनेकांच्या वतनांवरून जाणारा, पावसापाण्याप्रमाणे बदलणारा. दोन्हीला नियम आहेत, दोन्हीला मर्यादा आहेत. वाळवंटात तर वतनाभोवती कुंपण घातलं तर पहिल्या मोठ्या दुष्काळात कूळ मरून जाईल. म्हणून तिथं हद्द विचारण्यात असते. फ्रेड मायर्स यांनी पश्चिम वाळवंटातल्या पिंटुपी लोकांबद्दल १९८६ च्या पुस्तकात हे फार सुंदर दाखवलं आहे. दुसऱ्याच्या मुलखात शिरायचं तर विचारायचं. विचारणाऱ्याला सहसा नाही म्हटलं जात नाही. पण न विचारता शिरणं हा मोठा अपराध. आपण नकाशावर रेघ ओढतो आणि तिच्या आत मालकी सांगतो. पिंटुपींची रेघ दोन माणसांच्या बोलण्यात ओढली जाते, आणि ती रोज नव्यानं ओढावी लागते.

ब्लॅकबर्न यांच्या निकालानंतर एकवीस वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयानं दिशा बदलली. टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरचे एडी कोइकी माबो हे टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळीकाम करत. आपल्या घराण्याची म्हणून जी जमीन ते सांगत, ती कायद्यानं सरकारची आहे, हे त्यांना तिथल्या इतिहासाच्या प्राध्यापकांशी गप्पा मारताना कळलं आणि त्यांना धक्का बसला. मेरवर बागायती तुकड्यांची घराणेवार वाटणी होती, आणि जे आपलं नाही त्याला हात लावू नये हा मालो देवाचा कायदा लहानपणापासून शिकवला जाई. १९८२ मध्ये सुरू झालेला त्यांचा दावा ३ जून १९९२ ला जिंकला गेला आणि ‘कुणाचीच नसलेली जमीन’ हे तत्त्व ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातून गेलं. माबो त्याच्या साडेचार महिने आधी वारले होते.

मेरच्या लोकांना एक अनुकूलता होती. त्यांची शेतं, बांध, तुकडे न्यायाधीशांना ओळखीचे वाटले. वाळवंटातल्यांचं काय? तिथं शेत नाही, बांध नाही. ग्रेट सँडी वाळवंटातल्या वाल्माजारी, वांगकाजुंगा, मांगाला आणि जुवालिनी या लोकांनी १९९६ मध्ये दावा लावला, तेव्हा हाच पेच आला. इंग्रजीत, प्रश्नोत्तरांत आपला मुलूख सांगता येईना. म्हणून १९९७ मध्ये पिर्निनी इथं त्यांनी जमिनीवर आठ मीटर बाय दहा मीटरचं कापड पसरलं आणि चाळीसहून अधिक जणांनी मिळून आपला मुलूख रंगवला. प्रत्येकानं आपल्याच जागी बसून आपलाच पाणवठा काढायचा. दुसऱ्याच्या पाणवठ्यावर ब्रश न्यायचा नाही. तिथली बारमाही पाणी असलेली कुंडं ‘जिला’ म्हणून ओळखली जातात, आणि प्रत्येक जिलात एक सर्पदेवता राहते अशी श्रद्धा आहे. तीच पाऊस आणते, आणि अनोळखी माणूस न सांगता आला तर कोपते. लाल, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या वर्तुळांनी आणि पट्ट्यांनी कापड भरत गेलं. दाव्याची सुनावणी करणाऱ्या न्यायाधिकरणाचे सदस्य आले, तेव्हा साक्षीदार एकेक करून त्या कापडावर चालत गेले, आपापल्या जिलावर उभे राहिले आणि तिथून, आपल्या भाषेत, बोलले. आपल्या भूमीवर उभं राहूनच तिच्याबद्दल बोलायचं असतं, आणि त्या दिवसापुरती ती भूमी तिथं होती.

नोव्हेंबर २००७ मध्ये, दहा वर्षांनी, सुमारे ७७,००० चौरस किलोमीटरवर त्यांचा हक्क मान्य झाला. रंगवणाऱ्या वृद्धांपैकी अनेक जण तोवर गेले होते.

असे विजय वाचून हुरूप येतो, पण नकाशाचं औषध नेहमी गुण देतंच असं नाही. इंडोनेशियातल्या कालीमंतानमध्ये गावकरी वनखात्याच्या नकाशांना आपल्या नकाशांनी उत्तर देत होते. नॅन्सी पेलुसो यांनी १९९५ मध्ये त्यावर लिहिलं, तेव्हाच त्यांनी धोकाही दाखवला होता. रेघ एकदा ओढली की लवचीक रिवाज ताठ होतात. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात क्लुएन समाजाबरोबर राहिलेल्या पॉल नॅडस्डी यांनी तो धोका प्रत्यक्षात उतरलेला पाहिला. ज्या सोयऱ्यांच्या शिकारीच्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळलेल्या होत्या, त्यांना सरकारशी करार करण्यासाठी आपापसांत सीमा आखाव्या लागल्या. मग ‘तुमची बाजू’ आणि ‘आमची बाजू’ सुरू झालं. भावकीत वाटणी झाल्यावर जे होतं ते इथल्या वाचकाला सांगायला नको.

हे सगळं दूरदेशचं वाटत असेल तर चंद्रपूर-यवतमाळच्या सीमेपलीकडे, तेलंगणातल्या इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला चला. पुष्य अमावास्येला तिथं नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातले लोक त्याआधी पायी गोदावरीकाठच्या हस्तिनामडुगूला जातात, तिथलं पाणी आणतात आणि त्या पाण्यानं देवाची पूजा होते. जाताना कुठं थांबायचं, कुठल्या गावी मुक्काम करायचा, हे ठरलेलं. या वाटेवरची शेतं आज कुणाकुणाच्या नावावर आहेत, याच्याशी त्या चालण्याचा संबंध नाही. महाराष्ट्रातले गोंडही या जत्रेला जातात, कारण देवाला राज्याची सीमा लागू नाही. याच भागात १९४० मध्ये गोंडांचे नेते कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीला बळी पडले. त्यानंतर निजामानं आदिवासींच्या असंतोषाचा शोध घेण्यासाठी ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांची मदत घेतली. जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून तक्रारी ऐकायचा दरबार त्यांच्याच पुढाकारानं सुरू झाला आणि तो अजून भरतो. जमिनीची गाऱ्हाणी तिथं अजून मांडली जातात.

गडचिरोलीला लागून असलेल्या अबुझमाडच्या माडियांबद्दल ग्रिग्सन यांनी १९३८ च्या पुस्तकात लिहिलं आहे. पेंडा शेतीत काही वर्षांनी उतार बदलायचा आणि त्यामागे वस्तीही हलायची. इंग्रज अंमलदारांना ते भटकणं वाटलं. पण वस्ती कुळाच्या भूमीच्या आतच हलत होती. गाव हलायचं, भूमी ठाम असायची. ती भूमी पहिल्यांदा वसवणाऱ्या कुळाच्या हातात तिची पूजा आणि नव्या माणसाला जागा द्यायचा अधिकार असे. गडचिरोलीच्या बाजूला मालगुजारी आणि जमीनदारी गेली, तेव्हा जंगल सरकारजमा झालं आणि तिथल्या कुळांच्या भूमी वनखात्याच्या कक्ष क्रमांकांत विभागल्या गेल्या.

२००६ चा वनहक्क कायदा या पार्श्वभूमीवर वाचला तर त्याचं मोल कळतं. गावाच्या रूढीनं चालत आलेल्या सीमेतल्या जंगलावर ग्रामसभेचा हक्क त्यात आहे. पशुपालकांच्या बाबतीत तर ‘हंगामी वापराचा भूभाग’ असे शब्द आहेत, म्हणजे कायद्यानं वतनाबरोबर वावरही मानला. पुराव्यांबद्दलचा नियम १३ मला विशेष वाटतो. निस्तार पत्रक, जनगणना, शासकीय नोंदी यांच्या पंगतीला तिथं जुन्या विहिरी, स्मशानभूमी, देवस्थानं, वंशावळ आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब बसवला आहे. जो प्रश्न गित्क्सनांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला, त्याचं उत्तर आपल्या नियमांत आधीच छापलेलं आहे. उपग्रहाची छायाचित्रं पुराव्याला पूरक ठरतील, त्याची जागा घेणार नाहीत, हेही २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट केलं आहे. तरी दावे नाकारताना अनेकदा कागदच मागितला जातो. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलेल्या दावेदारांना हुसकावण्याचा आदेश दिला आणि पंधरवड्याच्या आत त्याला स्थगिती द्यावी लागली, तेव्हा या नाकारण्याच्या पद्धतीबद्दल प्रश्न उभे राहिलेच.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं या कायद्याखाली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवला, तो २००९ मध्ये, सुमारे १,८०० हेक्टरवर. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं मराठी वाचकाला परिचित आहेत. लोक सांगतात ती बांबूची लढाई. कायद्यानं बांबू गौण वनोपज, तरी वनखातं वाहतूक परवाना देईना. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मला त्याच्या आधीची गोष्ट जास्त बोलकी वाटते. गावानं ठरवून गोटूल बांधलं, त्यासाठी आपल्या जंगलातलं सागवान वापरलं. वनखात्यानं ते उतरवलं. गावानं पुन्हा बांधलं, आणि आजूबाजूची गावं पाठीशी उभी राहिली. गोटूल हे गावाचं बसायचं, ठरवायचं ठिकाण. जंगल कुणाचं, हा वाद त्या लाकडांवरून झाला यात आश्चर्य नाही.

गावाची सीमा ठरवायची म्हणजे काय करायचं? वनहक्क समिती, दोनचार म्हातारी माणसं आणि जीपीएस यंत्र धरलेला एखादा तरुण, असे सगळे मिळून हद्द चालतात. म्हातारा नाल्याचं वळण दाखवतो, मोहाचं झाड दाखवतो, जिथं शेजारच्या गावाचा देव बसतो तो दगड दाखवतो. तरुण आकडे टिपतो. शेजारगावचे लोकही बोलवायचे असतात, कारण त्यांनी मान डोलावल्याशिवाय हद्द पक्की होत नाही. ज्या पट्ट्यात दोन्ही गावं तेंदू तोडतात, तिथं दोन्ही समित्यांनी एकत्र बसायची तरतूद नियमांत आहे. ती नीट वापरली तर युकॉनमधल्या सोयऱ्यांवर आलेली वेळ टळते. घाईत, तालुक्याच्या कचेरीत बसून नकाशे तयार केले तर टळत नाही.

महाराष्ट्रात तीन समाज विशेष असुरक्षित आदिम गटांत मोडतात. कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. अशा समाजांना एकेका गावापुरता नव्हे, तर सबंध वसतिस्थानावरचा हक्क मागता येतो. मध्य प्रदेशात दिंडोरीच्या बैगांना तो मिळाला, छत्तीसगडमध्ये २०२३ मध्ये धमतरीच्या कमार लोकांना मिळाला. भामरागडच्या माडियांच्या परंपरागत इलाक्यासाठीही प्रयत्न झाले आहेत. कातकऱ्यांचा प्रश्न सर्वांत कठीण. रायगड-पालघरमध्ये त्यांच्या वाड्या कितीतरी ठिकाणी दुसऱ्याच्या जागेवर, पावसाळा संपला की घरं बंद, कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर. ओढ्यातला खेकडा, डोंगरातला कंद, खाडीतली मासळी हे त्यांना बारीकसारीक ठाऊक असतं. पण वतन म्हणून दाखवायला पायाखालची फूटभर जागा नाही. ज्यांचा वावर तेवढा उरला आहे आणि वतन केव्हाच हिरावलं गेलं, त्यांच्यासाठी कायद्याचा हात कसा पोचणार, याचा विचार आपल्या राज्यात फार थोड्यांनी केला आहे.

शेवटी पुन्हा बॉक्साइटपाशी यावं लागतं, आणि डोंगरापाशी. ओडिशातल्या नियमगिरीवर डोंगरिया कोंध राहतात. डोंगर नियमराजाचा, तो त्यांचा पूर्वज आणि कायदा देणारा. माथ्यावरच्या बॉक्साइटवर लांजीगडच्या शुद्धीकरण कारखान्याची भिस्त होती. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की उपासनेच्या हक्काला बाधा येते का हे ग्रामसभांनीच सांगावं. जुलै-ऑगस्टमध्ये रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतल्या १२ गावांत, जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर, सभा झाल्या. देवाची जागा नेमकी कोणती आणि केवढी, असं लोकांना पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. शेताचे तुकडे आणि देवस्थानाची जागा मोजून द्यायची तयारी दाखवली गेली. लोकांनी ते मोजमाप नाकारलं. सबंध डोंगर नियमराजाचा आहे, ओढे त्याचे आहेत, आम्ही त्याचे आहोत, असं त्यांनी सांगितलं. बाराही सभांनी एकमतानं नाही म्हटलं आणि खाण थांबली. १९७१ मध्ये ब्लॅकबर्न यांनी जे नातं ऐकलं आणि मालमत्ता नाही म्हणून बाजूला ठेवलं, तेच नातं इथं निर्णायक ठरलं.

एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर असाच ठाकूरदेवाचा आहे. दर जानेवारीत तिथं यात्रा भरते आणि इलाक्यातल्या गावांचे लोक जमतात. डोंगरात लोहखनिज आहे. २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला आणि विरोध होत असतानाही खोदकाम सुरू झालं, वाढलं. पुढे उत्पादन वाढवण्यासाठीची पर्यावरणीय जनसुनावणी डोंगरापाशी न होता शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोलीला ठेवली गेली. इलाक्यातल्या ग्रामसभांचे ठराव, निवेदनं, आंदोलनं चालू राहिली. नियमगिरीच्या बारा गावांना जो प्रश्न न्यायाधीशासमोर, गावात येऊन, त्यांच्या भाषेत विचारला गेला, तो सुरजागड इलाक्यातल्या गावांना त्या पद्धतीनं कुणी विचारलेला नाही. विचारण्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००६ चा पुरेसा आहे.